विरघळतच नाही तर शेवाळाला मारणार कसं, म्हणे!

फ्लास्कवाली:
परवाच्या पोस्टमध्ये एका महाशयांनी लिहिलंय, 'आमचं केमिकल पाण्यात विरघळत नाही, लिटरला 100 मिलिग्रॅम टाकलं तरी शेवाळ मस्त वाढलं, म्हणजे सेफ.' डोकंच फिरलं. अहो, टाकलं किती आणि पाण्यात राहिलं किती हे मोजलंत का? अर्धं काचेला चिकटतं, उरलेलं तळाला बसतं. ओईसीडी 201 ची टेस्ट, म्हणजे केमिकल शेवाळाची वाढ रोखतं का हे बघायची आंतरराष्ट्रीय चाचणी, 72 तासांची, तेवढ्या वेळात प्रमाण 20 टक्क्यांपेक्षा जास्त हललं तर टाकलेला आकडा धरताच येत नाही. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक बघा, लिटरला जेमतेम 10 मिलिग्रॅम विरघळतं आणि शेवाळाची वाढ मायक्रोग्रॅममध्येच, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत, रोखतं.

महाशय:
तो महाशय मीच. पाणी गढूळ झालं, उजेड अडला, वाढ खुंटली की तुम्ही लोक लगेच विष विष ओरडता. गाळून घेतलं तर म्हणता मालच फिल्टरमध्ये गेला. विरघळवायला सॉल्व्हंट घ्यावा तर लिटरला 0.1 मिलीच्या वर नाही. मग करायचं काय, आरती ओवाळायची?

मुठाकाठ:
तुमचं चालू द्या, पण टेस्टला घेतात ते शेवाळ आपलं आहे का? 1959 साली नॉर्वेच्या नितेल्वा नदीतून काढलेलं! आधी सेलेनास्ट्रम, मग स्यूडोकिर्चनेरिएला, आता रॅफिडोसेलिस, आधार कार्डावरही इतक्यांदा नाव बदलत नाहीत. त्याला 21 ते 24 डिग्री आणि अखंड उजेड हवा, आमच्याकडे दर गुरुवारी लाइट जाते.

फ्लास्कवाली:
विषय भरकटवू नका. तेच शेवाळ घेतात कारण जगभरचे आकडे ताडून बघता येतात. कंट्रोल, म्हणजे केमिकल न टाकलेलं शेवाळ, 72 तासांत 16 पट वाढलं नाही तर टेस्टच बाद, पुण्याच्या मुठा नदीतलं वाढेल का तेवढं?

मुठाकाठ:
मुठेत काय वाढत नाही ते सांगा!! मैलापाण्यावर पोसलेलं आहे ते, तुमच्या नॉर्वेवाल्याला एक दिवस सोडा तिथे.

जुनापिपेट:
भांडा. मी एका लॅबमध्ये होतो, नाव नको. फ्लास्क रिकामा केला तर काचेवर तेलाचा थर, बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. साहेबांनी रिपोर्टात लिहिलं 'परिणाम नाही'. मी मोजायचं म्हटलं तर म्हणाले बजेट नाही. सिलिकॉनमध्ये केमिकल मुरवून तिथून हळूहळू पाण्यात सोडायची पद्धत आहे, प्रमाण टिकतं, पण वाचतो कोण.

महाशय:
बरं बाई, मोजायला हवं होतं, झालं समाधान? सिलिकॉनचं बघतो. पण गढूळपणाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मुठाकाठ:
आणि मुठेचं पण.