शब्दचर्चा : 'नेमसेक'ला मराठीत काय म्हणावं?

खाडीपलीकडचा : फुटबॉलवरच्या मजकुरासाठी 'नेमसेक'ला, म्हणजे त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला, व्यक्तिवाचक शब्द हवा आहे. 'नामसाम्य' ही स्थिती झाली, माणूस नव्हे. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या संघात दोन गॅरी स्टीव्हन्स होते, एक एव्हर्टनचा, दुसरा टॉटनमचा. ते एकमेकांचे कोण? 'नामधारी' चालेल का?

सुरूचं बन : 'नामधारी' अजिबात नको. नामधारी अध्यक्ष म्हणजे नावापुरता अध्यक्ष. 'टॉटनमचा नामधारी स्टीव्हन्स' लिहिलंत तर बिचारा नावालाच संघात होता असं वाचलं जाईल. हिंदीतला 'हमनाम' नेमका आहे, पण मराठीत रुळलेला नाही. 'नामराशी' म्हटलं की आपल्याला पत्रिका आठवते. 'आडनावबंधू' मात्र लोक सहज बोलतात, त्याच वळणाने 'नामबंधू' घ्या. बायकांच्या संघाबद्दल लिहिताना 'नामभगिनी'.

खाडीपलीकडचा : वर्तमानपत्रं 'नामसाधर्म्य' छापतात, ते?

सुरूचं बन : साधर्म्य म्हणजे गुणधर्म सारखे असणं. दोन स्टीव्हन्सचं नाव सारखं, धर्म कुठे सारखा? (दोघेही बचावफळीत खेळायचे हा भाग वेगळा.) 'नामसाधर्म्यामुळे गोंधळ' हा मथळा आता पुसता येणार नाही, पण स्वतः लिहिताना 'नामसाम्य' बरं. स्थितीला नामसाम्य, माणसाला नामबंधू.

वेतोबाची वाट : शब्द मिळाला तरी वाचकाला 'कुठला स्टीव्हन्स?' हे कळायला हवंच. मालवणीत नुसत्या नावावर भागत नाही, पुढचे प्रश्न ठरलेले : 'कोणाचो झील?' (कुणाचा मुलगा?) आणि 'खंयच्या वाडीतलो?' (कुठल्या वाडीतला?) तेवढ्यानेही नाही जमलं तर थोरलो-धाकलो. ब्राझीलवाले अगदी हेच करतात. त्यांच्याकडे नावाला 'आंव' लागला की थोरला, 'इन्यो' लागला की धाकटा. १९९४ च्या विश्वचषक संघात रोनाल्डांव होता, म्हणून १७ वर्षांचा रोनाल्डो झाला रोनाल्डिन्यो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये संघात रोनाल्डो गियारो होता, तेव्हाही या धाकट्या रोनाल्डोच्या पाठीवर 'रोनाल्डिन्यो'च. १९९९ मध्ये आणखी धाकटा आला, रोनाल्डो दे असिस मोरेरा. मग रोनाल्डिन्यो हे नाव त्याच्याकडे गेलं आणि आधीचा पुन्हा रोनाल्डो झाला. अटलांटाच्या जुन्या फोटोंखाली चुकीच्या खेळाडूची माहिती येते ती यामुळे.

वाडीचं काम तिकडे प्रांत करतो. जुनिन्यो पाउलिस्ता म्हणजे साओ पाउलोकर, जुनिन्यो पर्नांबुकानो म्हणजे पर्नांबुकोकर. आपला 'कर'च तो.

हर्णैचा भोंगा : आडनावबंधूंबाबत एक सावधगिरी. ब्रुनो फर्नांडिस पोर्तुगालचा, ब्रँडन फर्नांडिस गोव्याचा. वेंगुर्ला-सावंतवाडीकडेही फर्नांडिस आहेतच. मूळ पोर्तुगीज अर्थ 'फर्नांदोचा मुलगा', तसंच रोद्रिगोचा रॉड्रिग्ज. पण आपल्या किनाऱ्यावर ही आडनावं धर्मांतराबरोबर आली, त्यामुळे आडनाव एक म्हणून नातं एक असं धरू नका. आणि अर्जेंटिनाचा एन्झो फर्नांडेझ? त्याचं आडनाव स्पॅनिश, तिथे शेवटी 'एस' नाही, 'झेड' आहे. देवनागरीत आपण दोघांनाही 'फर्नांडिस' करतो आणि नसलेले आडनावबंधू तयार करतो. एन्झोला 'फर्नांडेझ' लिहावं.

गुहागर लाईन : फुटबॉल सोडून जरा रायगडात या. २०१४ च्या लोकसभेला सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली. अशा उमेदवाराला लोक 'डमी' म्हणतात. तो शब्द या चर्चेत बसतो का?

सुरूचं बन : नाही. 'डमी'त हेतूचा आरोप आहे, नामबंधूत तो नाही. 'तोतया' त्याही पुढचा. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटून ज्याने कोकणात धुमाकूळ घातला, तो सदाशिवरावभाऊंचा नामबंधू नव्हता. 'भाऊ मीच' म्हणत होता, म्हणून तोतया.

गुहागर लाईन : पटलं. १९६१ च्या निवडणूक नियमांतही हेतूचा प्रश्न येत नाही. दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा आणखी काही जोडून वेगळं दाखवा, एवढंच म्हटलंय. म्हणजे पुन्हा वाडीच! मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचा फोटो आला तो २०१५ पासून.

खाडीपलीकडचा : खेळाडूंच्या यादीत मग काय जोडू? क्लब?

वेतोबाची वाट : क्लब नको, तो बदलतो. एव्हर्टनचा स्टीव्हन्स १९८८ मध्ये रेंजर्सला गेला. टॉटनमचा त्याआधी ब्रायटनला होता आणि १९८३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्रायटनकडून त्याचा गोल आहे. क्लबवर विसंबलात की एकाचा गोल दुसऱ्याच्या खात्यात. जन्मवर्ष लावा : 'गॅरी स्टीव्हन्स (जन्म १९६२)' आणि '(जन्म १९६३)'. वर्षही एकच निघालं तर महिना. मराठी विकिपीडियावर या कामाला 'निःसंदिग्धीकरण' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण उच्चारताना जीभ अडखळते, आपण 'ओळख-खूण' म्हणू.

सामन्याच्या गुणपत्रकावर मात्र जन्मवर्ष लिहायला वेळ नसतो. तिथे आधी जर्सीचा नंबर, मग नाव. समालोचनात पूर्ण नाव एकदाच, पुढे जे वेगळं आहे तेवढंच. आर्सेनलमध्ये तीन गॅब्रिएल एकत्र आले तेव्हा पाठीवर 'गॅब्रिएल', 'जी. जेझुस' आणि 'मार्टिनेली' असं वाटून घेतलं. तिघांनीही गॅब्रिएलचा हट्ट धरला असता तर समालोचकाचं काही खरं नव्हतं.

खाडीपलीकडचा : शेवटचं. 'नामबंधु' की 'नामबंधू'?

सुरूचं बन : शब्दाच्या शेवटी दीर्घ, म्हणून 'नामबंधू', 'नामबंधूंचा'. समासात आधी आला तरच ऱ्हस्व, जसं 'बंधुभाव'.