लँडलाईन ठेवायची की काढायची? तुमचे अनुभव सांगा

उंबरठा
काल फोन कंपनीचं पत्र आलं. तांब्याची लाईन बंद करतोय, एकतर फायबर घ्या नाहीतर नंबर सोडा. घरात सगळ्यांचं एकमत: काढून टाक, कशाला फुकटचं बिल. मीही हो म्हणणारच होते. मग सहज रिसीव्हर उचलला, तर टोन होता. किती दिवसांनी ऐकला कोण जाणे.

आणि एकदम ताई आठवली. आमच्याकडे पॅरलल लाईन होती, एक फोन बाहेर, एक आतल्या खोलीत. ताईला 'त्याचा' फोन आला की मी आत जाऊन रिसीव्हरखालचं बटण बोटाने दाबून धरायचे, रिसीव्हर उचलायचे आणि मग बटण अगदी हळूहळू सोडायचे. खट् आवाज यायला नको ना! तरी तिला कळायचंच, कारण दुसरा फोन उचलला की आवाज जरा बसतो. ती बोलणं न थांबवता मध्येच म्हणायची, "ठेव." मी मुकाट्याने ठेवायचे. ते आता माझे भाऊजी आहेत. माझ्याशी अजून जपूनच बोलतात.

तर सांगा. तुमच्याकडे आहे का अजून? कोण वापरतं? काढला असेल तर चुकल्याचुकल्यासारखं होतं का? नुसत्या आठवणी लिहिल्यात तरी चालेल.

निशाचर
आहे. कोणी वापरत नाही. रिंग वाजली की सगळे एकमेकांकडे बघतात, तू घे, तू घे. निम्म्या वेळा कर्ज हवंय का विचारणारे असतात, उरलेल्या वेळा आत्या.

खारूताई
आत्या 😂 आमच्याकडे मावशी. मोबाईल चांगला वापरतात, पण त्यांचं म्हणणं, "मोबाईलवर माणूस कुठून थापा मारतोय कळत नाही. लँडलाईन उचलली म्हणजे घरी आहे." काय बोलणार यावर.

तारतम्य
माझी सगळी नोकरी एक्स्चेंजमध्ये झाली, त्यामुळे जरा लांबण लावतो. 'लाईट गेली तरी लँडलाईन चालते' असं सगळे म्हणतात, पण ते तांब्याच्या लाईनपुरतं खरं. तिथे आवाजाबरोबर वीजही तारेतूनच येते, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवरून, साधारण 48 व्होल्ट डीसी. लाईट गेली की बॅटऱ्या, त्यांच्यामागे जनरेटर. घरचा साधा वायरवाला फोन त्यावर आरामात चालतो. कॉर्डलेस असेल तर त्याच्या बेसला घरची वीज लागते, म्हणजे तो गप्प. आणि फायबर म्हणजे काच, त्यातून वीज येत नाही. घरात जो डबा बसवतात त्याची लाईट गेली की फोनही गेला. तेव्हा 'अडीअडचणीला असू दे' म्हणून फायबरवर नंबर नेणार असाल तर डब्याला छोटा यूपीएस लावा. तो लावणार नसाल तर अडीअडचणीचं कारण यादीतून काढा आणि मग ठरवा.

अवांतर: रिंग येते तेव्हा त्याच तारेवर 75 ते 90 व्होल्ट एसी येतो. आमचा एक सहकारी तार दातांनी सोलायचा. एकदा सोलताना नेमकी रिंग आली. त्यानंतर पक्कड वापरायला लागला.

निशाचर
काका 😂😂 फोन कोणाचा होता पण?

तारतम्य
साहेबांचा. लाईन झाली का विचारायला.

पायवाट
वरचं अगदी पटलं. मोठं वादळ झालं तेव्हा आमच्याकडे लाईट नाही, मोबाईल चार्ज नाहीत, ज्यांचे होते त्यांना रेंज नाही कारण टॉवरही बसलेले. इमारतीत एका आजींकडे जुना वायरवाला फोन होता, तो चालू. झालं, त्यांच्या दाराशी रांग. आजी खुर्ची टाकून बसल्या आणि प्रत्येकाला बजावत होत्या, "खुशाली सांगा आणि ठेवा, गप्पा नंतर." एकाने बायकोशी भांडण सुरू केलं तर सरळ बटण दाबून कट केला. तेव्हापासून त्यांचा मुलगा फोन काढायचा विषयच काढत नाही.

धडाधड
काढा हो बिनधास्त. आम्ही काढला, कोणाचं काही अडलं नाही. फक्त काढायच्या आधी तो नंबर कुठे कुठे दिलाय ते बघा. बँक, गॅस, विमा, डॉक्टर, मुलांची शाळा. आम्ही आळस केला नाही म्हणून वाचलो, एका जुन्या खात्याला तर संपर्क म्हणून तेवढा एकच नंबर होता. घरात चोरीचा अलार्म किंवा लिफ्टमधला मदतीचा फोन त्याच लाईनवर असेल तर तेही विचारून घ्या. बाकी गळे काढायचं कारण नाही, यंत्र आहे ते.

सावली
धडाधड, सगळ्यांचं तसं नसतं हो.

माझ्या आईला विसरायला होतं. माझं नाव कधी येतं, कधी नाही. मोबाईल हातात दिला तर उलटसुलट करून परत देते. पण भिंतीजवळचा फोन वाजला की उठते, डाव्या हाताने रिसीव्हर कानाला लावते, उजव्या हाताने वायरची गुंडाळी सोडवत बसते आणि "हॅलो, कोण बोलतंय?" हे अगदी जुन्या आवाजात विचारते. म्हणून मी ऑफिसातून मुद्दाम त्या फोनवर लावते. पुढचं संभाषण काही असो. सध्या तरी काढायचा प्रश्न नाही. फायबर आलं तर नंबर नवीन डब्यावर जाईल, पण फोन तोच आणि जागाही तीच ठेवणार आहे.

खारूताई
सावली 🙏 काय लिहू कळत नाही. वायरची गुंडाळी वाचून माझी आई आठवली.

उंबरठा
सावली, मिठी. फोन तोच ठेवायचा हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

धडाधड
सावली, तुमचं कारण वेगळं आहे, मान्य. ठेवाच.

कुलूपकिल्ली
डायलच्या फोनला कुलूप लावणारे वडील कोणाकोणाचे होते? हात वर करा. आमच्या बाबांनी पितळी कुलूप आणलं होतं, एकच्या भोकात बसणारं. आम्ही भावंडं त्याहून हुशार. डायल फिरवल्यावर काय होतं, तर लाईन तेवढ्या वेळा तुटते. मग डायल कशाला हवी? बटण टकटक दाबायचं. 4 साठी चारदा, 9 साठी नऊदा, शून्यासाठी दहादा, मध्ये जरा थांबायचं. मैत्रिणीच्या नंबरात तीन शून्यं होती, बोट दुखून यायचं. मोजताना कोणी मध्ये बोललं की पहिल्यापासून. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही बिल कसं येतं. फोन खात्याला शिव्या घालायचे बिचारे.

दशांश
कुलूपकिल्ली, याच कारणाने अमेरिकेत 1947 साली एरिया कोड ठरवताना न्यूयॉर्कला 212 दिला, शिकागोला 312. जिथे फोन जास्त तिथे डायल कमी फिरावी. तुमच्या मैत्रिणीकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं असं दिसतंय.

तारतम्य
आणि ते आपोआप फोन जोडणारं एक्स्चेंज शोधून काढणारा अल्मन स्ट्रॉजर हा धंद्याने अंत्यविधीची व्यवस्था करणारा होता. 1891 चं पेटंट. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याला जोडून देते असा त्याला संशय होता म्हणतात. मग त्याने ऑपरेटरची गरजच संपवली.

निशाचर
गिऱ्हाइकं म्हणजे... असो.

जुना चष्मा
माझा अनुभव जरा वेगळा. आमची मित्रमंडळी रोज फोनवर वाद घालतात. मोबाईलवर मजा येत नाही. आवाज पोचायला किंचित उशीर होतो, दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात, मग "बोल, तू बोल." लँडलाईनवर समोरच्याला बरोब्बर तोडता येतं. शिवाय रिसीव्हरमध्ये स्वतःचा आवाजही थोडा ऐकू येतो, त्यामुळे माणूस विनाकारण ओरडत नाही. मोबाईलवर आमचा एक मित्र असा बोंबलतो की फोनची गरज नाही.

माझ्या कानात मशीन आहे. त्याला 'टी'चं बटण असतं, ते लावलं की रिसीव्हरमधला आवाज थेट मशीनमध्ये येतो, बाहेरचा गोंगाट बंद. ज्यांच्या घरी कानाचं मशीन वापरणारं कोणी आहे त्यांनी नवा फोन घेताना हे चालतं का ते दुकानातच लावून बघावं.

खारूताई
काका, हे टी-बटण सासऱ्यांच्या मशीनला आहे का कसं कळेल? त्यांचं कानामागचं आहे.

जुना चष्मा
कानामागच्यात बऱ्याचदा असतं, पण कधीकधी बंद करून ठेवलेलं असतं. ज्यांनी मशीन बसवलं त्यांना 'टेलिकॉइल चालू करून द्या' म्हणा.

दशांश
मूळ विषयावर: ब्रिटनमध्ये जुनी लाईन डिसेंबर 2025 पर्यंत बंद करायची होती, ती जानेवारी 2027 वर ढकलली. एकटे राहणारे वृद्ध गळ्यात मदतीचं बटण घालतात, त्यातली बरीचशी याच लाईनवर चालतात. घाईघाईत लाईन बदलली आणि बटण दाबल्यावर काहीच झालं नाही, ही भीती. त्यामुळे घरात असं काही असेल तर लाईन बदलल्यावर एकदा बटण दाबून खात्री करा.

पायवाट
माझ्या मुलीला रिसीव्हर म्हणजे काय माहीत नाही. 'फोन कर' अशी हाताने खूण कर म्हटलं तर तिने सपाट तळवा कानाला लावला.

कुलूपकिल्ली
माझा मुलगा तर विचारतो, फोन वाजतोय पण कोणाचा ते दिसत नसताना तुम्ही उचलायचा कसा? भीती नाही वाटायची?

निशाचर
आम्हाला आत्याची अजून वाटते.

उंबरठा
वाचतेय सगळं, आज घरी पाहुणे आहेत, सवडीने उत्तरं देते. सध्या असं ठरतंय की नंबर फायबरवर न्यायचा, छोटा यूपीएस घ्यायचा. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. तारतम्य काका, एक विचारायचंय. माळ्यावर आमचा जुना डायलचा फोन आहे, चालू स्थितीतला. तो नव्या डब्याला चालेल का?

तारतम्य
बहुतेक वाजेल आणि बोलताही येईल. पण डायल फिरवून नंबर लागेलच असं नाही, बऱ्याच डब्यांना बटणाच्या फोनचे सूर तेवढे कळतात, डायलचे ठोके कळत नाहीत. बसवायला येईल त्याला आधी विचारा. ठोक्यांचे सूर करून देणारं छोटं यंत्र मिळतं, ते मध्ये लावता येतं.

उंबरठा
म्हणजे आलेला घेता येईल, आपण लावता येणार नाही?

तारतम्य
ते यंत्र नसेल तर तसंच.

उंबरठा
चालेल की. ताईच लावते नेहमी.