धानाचा कडा करपा: अप्रभावी जनुक प्रतिकार कसा देते?

पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर

नमस्कार. मी नागपुरात वनस्पती प्रजननशास्त्र शिकते. घरची धानशेती मौदा तालुक्यात आहे. कडा करप्याला, म्हणजे झँथोमोनास जिवाणूमुळे होणाऱ्या धानाच्या पानांच्या रोगाला, दाद न देणारे ‘सुधारित सांबा मसुरी’ हे वाण हैदराबादच्या संशोधकांनी तयार केले आणि ते २००८ मध्ये प्रसारित झाले. त्यात एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५ ही तीन प्रतिकारक जनुके एकत्र आणलेली आहेत. पैकी एक्सए-२१ प्रभावी आहे (त्याची एक प्रतही पुरते), ते समजते. परंतु उरलेली दोन अप्रभावी (दोन्ही प्रती असल्या तरच परिणाम दिसणारी) असूनही रोग कसा रोखतात? आणि हीच जनुके आपल्या एचएमटी या बारीक दाण्याच्या धानात आणायची झाल्यास पहिल्या पिढीतील रोगचाचणीवर विसंबता येईल का?

निवृत्त प्राध्यापक

एक्सए-२१ हे ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा या आफ्रिकी रानटी भातातून आलेले जनुक. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिन घडवते, आणि हे प्रथिन जिवाणूचा विशिष्ट रेणू ओळखून पेशीला सावध करते. १९९५ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या गटाने ते वेगळे केले.

एक्सए-१३चा प्रकार अगदी निराळा आहे. झँथोमोनास जिवाणू आपले एक प्रथिन धानाच्या पेशीत सोडतो. ते स्वीट-११ या जनुकाच्या आरंभभागाला, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाला, चिकटून ते जनुक जोराने चालू करते, त्यामुळे पेशीतील साखर बाहेर झिरपू लागते आणि जिवाणूला आयते खाद्य मिळते. प्रतिकारक झाडात हा आरंभभागच बदललेला असल्यामुळे जिवाणूच्या प्रथिनाला तेथे पकड मिळत नाही. झाडात जुनी, न बदललेली एक प्रत जरी उरली, तरी जिवाणूचे काम भागते. म्हणून दोन्ही प्रती बदललेल्या लागतात, आणि म्हणूनच हा प्रतिकार अप्रभावी ठरतो. एक्सए-५मध्ये जनुकांचे वाचन सुरू करणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनात बदल झालेला आहे; जिवाणूची प्रथिने त्याच यंत्रणेचा आधार घेतात.

मग स्वीट-११ पूर्णच बंद का करू नये, असे वाटेल. पण परागकणांच्या वाढीला तेच जनुक लागते; ते दाबले तर दाणा भरत नाही. निसर्गाने जनुक तसेच ठेवून त्याची कळ तेवढी बदलली, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत देखणे वाटते.

बियाणे संशोधक, विदर्भ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही. पहिल्या पिढीत एक्सए-२१ एकटेच प्रतिकार दाखवील, आणि उरलेली दोन जनुके उतरली की नाही हे रोगाच्या डागांवरून कळणार नाही. शिवाय एक्सए-२१चा जोर वाढलेल्या झाडात दिसतो, कोवळ्या रोपात कमी. त्यामुळे पऱ्ह्यांवर घेतलेली चाचणी आणखीच फसवी ठरते.

पऱ्ह्यांच्या अवस्थेतच पानाचा तुकडा घेऊन डीएनए मार्करने (जनुक आहे की नाही हे दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणेने) तिन्ही जनुके तपासावीत आणि तिन्ही असलेलीच रोपे रोवणीसाठी ठेवावीत. एचएमटीशी पुन:पुन्हा प्रतिसंकरण करून दाण्याचा बारीकपणा व चव परत मिळवावी, आणि शेवटच्या स्वपरागीकरणानंतर तिन्ही जनुकांच्या दोन्ही प्रती असलेले झाड शोधावे. असे झाड सरासरी ६४ झाडांत एक निघते, तेव्हा संख्या कमी ठेवू नका. जनुकांची दाता म्हणून सुधारित सांबा मसुरीच घ्या. तिचाही दाणा बारीक असल्याने एचएमटीचा घाट फारसा बिघडणार नाही.

मौद्याचे धान उत्पादक

हे जीएम (जनुकीय बदल केलेले) बियाणे झाले का? गावात पहिला प्रश्न हाच येईल.

बियाणे संशोधक, विदर्भ

नाही. सुधारित सांबा मसुरी धानाच्याच जातींचा संकर करून, मार्करच्या मदतीने निवडलेली आहे. २०१९ मध्ये संशोधकांनी जनुक संपादनाने स्वीट-११, १३ आणि १४ या तिन्हींचे आरंभभाग बदलून दाखवले. तो मार्ग वेगळा.

निवृत्त प्राध्यापक

त्या प्रयोगाचे कारण येथे कामाचे आहे. काही जिवाणू स्वीट-११ सोडून स्वीट-१४ वा स्वीट-१३ चालू करतात, त्यांच्यापुढे एक्सए-१३ एकटे निष्प्रभ ठरते. तेव्हा संकरण हाती घेण्यापूर्वी मौदा, भंडारा आणि गोंदिया भागांतील बांध्यांतून रोगट पाने गोळा करून त्यांतील जिवाणू वेगळे करा, आणि ते तीन जनुकांपैकी एकेकच असलेल्या वाणांवर टोचून पाहा. कोणते जनुक येथे खरोखर टिकते, हे त्यातून कळेल.