धोकादायक मालाचा ट्रक आणि फोर्कलिफ्ट एकाच माणसाकडे: होकार देण्यापूर्वी काय पाहावे?

तळोजावासी:
नमस्कार. माझ्याकडे जड मालवाहू वाहनाचा परवाना असून आजवर मी सिमेंट आणि पोलाद यांचीच वाहतूक केली आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका रसायन गोदामातून नोकरीसाठी विचारणा झाली आहे. चालकानेच फोर्कलिफ्टने पिंपे चढवायची आणि मग तोच ट्रक घेऊन घाटमार्गे कुरकुंभला जायचे, अशी तेथील अट आहे. पगार बरा आहे. परवान्यावर कोणती नोंद लागते, फोर्कलिफ्टसाठी वेगळे काही लागते का आणि मालकाकडून काय पक्के करून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटमाथा:
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ नुसार असा माल नेणाऱ्या चालकाला ३ दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणेही आवश्यक आहे. पूर्वी या परवान्याची मुदत १ वर्ष होती. २०१९ च्या कायदादुरुस्तीने ती ३ वर्षे झाली.

ही नोंद झाली तरी फेरीगणिक कागद तपासावे लागतातच. मालाची पूर्ण माहिती देणे ही माल पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे (नियम १३१) आणि ती लेखी माहिती, म्हणजे ट्रेम कार्ड, केबिनमध्ये हाताशी ठेवणे ही चालकाची (नियम १३३). प्रत्यक्षात केबिनमध्ये मागच्या फेरीचेच कार्ड राहिलेले असते: पिंपांत टोल्यूइन हा ज्वलनशील द्रावक, यूएन क्रमांक (धोकादायक पदार्थाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) १२९४, आणि कार्डावर फॉस्फरिक आम्ल, १८०५. गळती झाल्यावर अग्निशमन दल पाणी वापरायचे की फेस, हे या माहितीवरून ठरवते. म्हणून चलान, कार्ड आणि पिंपावरील लेबल या तिन्हींवरचा क्रमांक स्वतः जुळवून पाहावा आणि तो जुळत नसेल तर शेठचा कितीही फोन आला तरी गाडी गेटबाहेर काढू नये.

माझे मत विचाराल तर दोन्ही कामे एकाच माणसाकडे नसावीत.

तिसरी पाळी:
घाटमाथा यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. ज्याने माल स्वतः चढवला, त्याला कोणते पिंप कोठे आहे आणि पट्टे कसे आवळले आहेत हे ठाऊक असते. वळणावर त्याचा उपयोग होतो. मात्र वाहनाचा परवाना आहे म्हणून फोर्कलिफ्ट येते, असे कोणी समजू नये. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि कारखान्याचे लेखी अधिकारपत्र, दोन्ही मागून घ्यावीत.

खरी फसगत वजनात होते. २०० लिटरची पिंपे दिसायला सारखीच. पण टोल्यूइनचे पिंप पावणेदोनशे किलोच्या पुढे असते, तर ८५ टक्के फॉस्फरिक आम्लाचे साधारण साडेतीनशे किलो भरते. त्याच आम्लाची १००० लिटरची आयबीसी टाकी (पिंजऱ्यात बसवलेली मोठी चौकोनी टाकी) दीड टन क्षमतेच्या फोर्कलिफ्टने उचलायचीच नाही, कारण ती पावणेदोन टनांच्या आसपास जाते. शिवाय यंत्राच्या पाटीवरील क्षमता ठरावीक भारकेंद्रासाठी (काट्यांच्या मुळापासून भाराच्या मध्यापर्यंतच्या अंतरासाठी), बहुधा ५०० मिलिमीटरसाठी, असते आणि पुढे पिंप पकडण्याचा क्लॅम्प लावला की ती आणखी घटते.

दुसरे, फोर्कलिफ्टच्या पुढच्या, माल उचलणाऱ्या काट्यांची लांबी पाहा. काटे पॅलेटपेक्षा (पिंपांखालच्या फळीपेक्षा) लांब असले की टोके पलीकडे निघतात आणि मागच्या रांगेतील पिंपाला तळाशी भोक पाडतात. बसल्या जागेवरून ते दिसतही नाही, वास आल्यावरच कळते. टोल्यूइनचा ज्वलनांक (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते ते) ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. तेथे साधी डिझेल किंवा बॅटरीची फोर्कलिफ्ट चालवायला सांगत असतील तर सरळ नकार द्यावा. अशा जागी ज्वालारोधक यंत्रच लागते.

तळोजावासी:
दोघांचेही आभार. चौकशी केली असता दिवसभर भराई आणि रात्री नऊनंतर गाडी बाहेर, असा क्रम असल्याचे समजले. भराईचे तास ते ड्यूटीत धरत नाहीत.

घाटमाथा:
मला हीच शंका होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातही मालासंबंधीची पूरक कामे कामाच्या तासांत धरली होती. दिवसभर काटे हलवून थकलेला चालक रात्री भरलेली गाडी घाटात न्यूट्रलवर सोडण्याच्या मोहात पडतो. इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. भराई करणाऱ्या दिवशी रात्रीची फेरी नाही, हे नेमणूकपत्रात लिहून घ्यावे. परतीच्या रिकाम्या पिंपांचेही विचारा. ती धुतलेली नसतील तर आत वाफ असते, तेव्हा त्यांनाही लेबल आणि कार्ड लागते. ‘रिकामी आहेत’ म्हणून तो माल साध्या भाड्यात घेऊ नये.