गाणाऱ्या पक्ष्याची पेटी: पक्षी हलतो, पण आवाज बसलाय

ठाणेकरीण

चावीवर चालणाऱ्या यांत्रिक पक्ष्याची पेटी आहे, जर्मन बनावटीची, तळाच्या पत्र्यावर ‘के जी’ अशी अक्षरं आहेत. आकार साधारण १० × ६.५ सेंमी. बाजूची पट्टी सरकवली की झाकण उघडतं, पक्षी वर येतो, चोच, पंख, शेपटी सगळं हलतं. पण आवाज अगदी क्षीण झालाय. खालचे सूर कसेबसे येतात, वरचे येतच नाहीत, नुसती फुसफुस. शिवाय पूर्वी गाणं २० सेकंदांच्या आसपास चालायचं, आता १४-१५ सेकंदांतच पक्षी आत जातो.

ओळखीचे घड्याळजी म्हणतात, चावी जास्त दिली गेल्यामुळे स्प्रिंग बिघडली, तेल सोडून बघू. सोडू द्यावं का?

खटका

ताई, तेल अजिबात सोडू देऊ नका.

‘के जी’ म्हणजे कार्ल ग्रीसबाउम, ब्लॅक फॉरेस्टमधल्या ट्रिबेर्ग गावची पेटी. चावी जास्त दिल्याने स्प्रिंग बिघडते हा समज घड्याळांच्या बाबतीतही चुकीचा आहे. चावी अडेपर्यंत द्यायची, पुढे जोर करायचा नाही, एवढंच. स्प्रिंग गेली असती किंवा जुनं तेल चिकट झालं असतं तर पक्षी रेंगाळला असता. तुमचा उलट घाईत आहे.

आवाज क्षीण आणि चाल जलद, हे दोन्ही एकत्र आले की संशय भात्यावर घ्यायचा. स्प्रिंग चाकं फिरवते, चाकं शिट्टीला हवा देणारा भाता हलवतात, वेगाला लगाम घालायला टोकाला छोटा पंखा असतो. भाता फाटला की हवा दाबण्याचं ओझं उतरतं आणि सगळी गाडी जोरात पळते. वरचे सूर आधी जाणं हीसुद्धा त्याचीच खूण. बारीक शिट्टीत वरच्या सुराला हवेचा झोत जास्त वेगाचा लागतो, दाब कमी पडला की पहिला तोच गळतो.

तपासायचं असं: तळाचा पत्रा काढला की बहुतेक पेट्यांत भाता दिसतो. पेटी चालू करून धुमसत्या उदबत्तीचा धूर त्याच्या कडांजवळून न्या, चार-पाच बोटं अंतर ठेवून. जिथे धुराची रेघ झटके देत बाजूला ढकलली जाते, तिथे गळती. घड्यांचे कोपरे आधी पाहा.

आणि पक्षी मधेच थांबला तर झाकण हाताने दाबून बंद करू नका. झाकण आणि पक्षी एकाच कॅमच्या, म्हणजे उंचसखल काठाच्या फिरत्या चकतीच्या, क्रमाने हलतात. तो क्रम मोडला तर पक्ष्याचा दांडा वाकतो, नाहीतर बिजागरी उखडते.

नवखा_संग्राहक

भाता फाटला असेल तर डॉक्टरी हातमोज्याचं पातळ रबर कापून चिकटवता येईल का? लवचिक असतं, हवाही धरतं.

सरस

नका चिकटवू. आपल्या हवेत असं पातळ रबर काही वर्षांत आधी चिकट, मग ठिसूळ होतं. शिवाय ते ताणून परत येतं, आणि भात्याला ताण नको, घडी हवी. रबर स्वतःच्या जोराने भाता मिटू पाहतं, त्यामुळे दाबाचा हिशोब बिघडतो.

जुन्या पेट्यांत भात्याला गोल्डबीटर्स स्किन असते, म्हणजे बैलाच्या आतड्याचा बाहेरचा पापुद्रा. वर्ख कुटणारे पूर्वी पानांच्या मधे आतडंच वापरायचे, ते याच जातीचं. कांद्याच्या आतल्या सालीइतका पातळ, पण हवा धरतो आणि हजारो वेळा दुमडला तरी लवकर चिरत नाही. चर्मपत्रं दुरुस्त करणारे हाच पापुद्रा वापरतात, त्यामुळे त्यांच्या सामानाच्या दुकानांतून मागवता येतो.

कामाचा क्रम: आधी स्प्रिंग पूर्ण उतरवा. चावी घट्ट धरून स्प्रिंगला उलटं फिरू न देणारा खटका मागे ओढायचा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्यायची. चावी दिलेली असताना पंखा किंवा त्याचा वर्म (मळसूत्री आस) सैल केला तर सगळी चाकं एका क्षणात सुटतात, बारीक आसांची टोकं मोडतात. बहुतेक मोठी नुकसानं याच एका चुकीने होतात.

मग जुना पापुद्रा कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या बोळ्याने हळूहळू मऊ करा. तो सरसाने चिकटवलेला असतो, ओल लागली की सुटतो. फेकू नका, घड्यांच्या रेषांवरूनच नवा कापायचा असतो. आतल्या फळ्या पुठ्ठ्याच्या असतील तर पाणी अगदी बेताने. नवी पट्टी कडेवर पातळ सरसाने लावायची, भाता पूर्ण उघडलेल्या मापाला धरून. अर्धा उघडून चिकटवला तर पुढे पूर्ण उघडतच नाही. सरस सुकला की घडी आत वळवायची. फेव्हिकॉल, सिलिकॉन वगैरे नकोच. फेव्हिकॉल सुकून कडक होतो आणि पुढच्या माणसाला काढता येत नाही. सिलिकॉन लागलेल्या जागी तर नंतर सरसही धरत नाही.

भात्याच्या आत भोकांवर पातळ पट्टीच्या झडपा असतात. त्या ताणून बसवल्या तर उघडत नाहीत, फार सैल सोडल्या तर हवा अडवत नाहीत. पट्टी भोकावर नुसती टेकली पाहिजे आणि फुंकरीने उचलली गेली पाहिजे. भाता नवा आणि आवाज तसाच क्षीण, अशी तक्रार आली की दोष बहुतेकदा इथे निघतो.

सूरपट्टी

सरस यांनी भात्याचं सगळं सांगितलं, मी शिट्टीचं सांगतो. या कारागिरीचा जीव तिथे आहे.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये कॅनरी पक्ष्यांना चाली शिकवायला सेरिनेट नावाची हाताने फिरवायची वाद्यपेटी वापरत. तिच्यात प्रत्येक सुराला वेगळी नळी. तेवढ्या नळ्या खिशातल्या डबीत मावणार कशा? १७८० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या झाके-द्रो यांच्या कारखान्याच्या वर्तुळात सरकत्या दट्ट्याची एकच शिट्टी वापरात आली आणि गाणारा पक्षी डबीत बसला. पुढे जिनिव्हाचे रोशा बंधू आणि ब्रुगिए, पॅरिसचे बोंतां, मग ट्रिबेर्ग, सगळ्यांनी तीच शिट्टी वापरली.

टोक बंद असलेल्या नळीचा सूर तिच्या लांबीवर ठरतो. आत सुमारे २९ मिमी जागा असेल तर ३००० हर्ट्झ, १४ मिमी उरली की ६००० हर्ट्झ. म्हणजे दट्ट्याच्या दीड सेंटिमीटरच्या चालीत एक पूर्ण सप्तक. वरच्या टोकाला एका मिलिमीटरची चूक म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराहून थोडी जास्त.

हा दट्ट्या कॅमच्या चकतीच्या काठावर चालतो. चकती भिंगाखाली धरली तर काठावर लांब लाटा दिसतात, ती मींड. शेजारच्या चकतीला करवतीसारखे बारीक दाते असतात, ते शिट्टीला हवा सोडणारी झडप उघडतात-मिटतात. जिथे दाते दाट, तिथे पक्ष्याची किलबिल. काठ कानसीने घासत आणि ऐकत हाताने जुळवलेले असतात. म्हणून चकतीच्या काठाला पॉलिश कधीही करायचं नाही, गाणंच घासून जातं.

तेल का नको, तेही यातच आहे. दट्ट्याला चामडं असतं आणि तो कोरडाच चालला पाहिजे. तेल लागलं की चामडं फुगतं, दट्ट्या अडकतो आणि पक्षी एकाच सुरात ओरडत राहतो. शिलाई मशीनचं तेल पसरून तिथवर पोचतंच. तेल फक्त चाकांच्या आसांना, घड्याळाचं, सुईच्या टोकावर राहील एवढं.

खटका

पिसांबद्दल एक. जुन्या पक्ष्यांवर बऱ्याचदा हमिंगबर्डची खरी पिसं असतात. या पक्ष्यांची जवळजवळ सगळी कुळी साइटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे आणि पेटी कासवाच्या पाठीची असेल तर ते कासव परिशिष्ट १ मध्ये. दुरुस्तीला परदेशी पाठवण्याआधी परवान्याचं बघा, नाहीतर पेटी कस्टम्समध्ये अडकते. पिसं धुवायची नाहीत, मऊ कोरड्या कुंचल्याने मुळाकडून टोकाकडे. पावसाळ्यात सरस मऊ पडतो आणि कसर लागते, म्हणून घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. डांबरगोळी आत टाकू नका.

ठाणेकरीण

उदबत्तीने बघितलं. बिजागरीच्या बाजूच्या कोपऱ्यात धूर दर वेळी झटका देऊन बाजूला जातो, दुसऱ्या कोपऱ्यातही थोडासा. बाकी कडा शांत आहेत.

सरस

मग कोपऱ्यांची घडी चिरली आहे. एका ठिकाणी असती तर पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा सरसाने लावून भागलं असतं. दोन कोपरे गेलेत म्हणजे तिसराही फार लांब नाही, अख्खा भाता बदलून घ्या. घड्याळजींकडून फक्त स्प्रिंग उतरवून घ्या, आणि भाता सुटल्यावर झडपांचा फोटो इथे टाका.