मोठेबाबांची शेती : प्रोबेट की फेरफार?

सुनील : मोठेबाबा वारले. त्यांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून खरं ठरवून घेणं, करा लागते म्हणे, दोन वर्षं जातात. खरं हाय का?

वंदनाताई : आपल्याकडे नाही रे. विदर्भातल्या हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधी नव्हतीच. मुंबईची होती, ती डिसेंबर 2025 मध्ये भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम 213 वगळल्यावर गेली.

प्रकाश काकाजी : भांडण असलं तर मात्र दिवाणी कोर्ट हायेच, अन् तिथं किती वर्षं लागतील सांगता येत नाही. मृत्युपत्रात कोणकोणते गट हायेत?

सुनील : फक्त गट 42. खालचं वावर त्यात नाही.

वंदनाताई : मग दोन फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायच्या दोन नोंदी. 42 मृत्युपत्रावर, खालचं वावर वारस नोंदीनं. कळवायची मुदत तीन महिने. ई-हक्क या सरकारी पोर्टलवर नाही तर तलाठ्याकडे अर्ज दे : मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार, सातबारा, आठ-अ. नोटीस निघाल्यावर हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करते. काही अडलं नाही तर महिना-दीड महिना.

प्रकाश काकाजी : अडते नावावरून. सातबाऱ्यावर ‘किसन महादू’ अन् आधारावर ‘किसनराव महादेवराव’ असलं की अर्ज वापस. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र आधीच लावून टाक. अन् वारसात मोठेबाबांच्या लग्न झालेल्या दोघी लेकी, म्हणजे तुमच्या बहिणी लिहा, त्यांच्या आधी वारलेल्या लेकाची बायको-लेकरंही. एक नाव गाळलं की हरकत आलीच.

सुनील : बहिणी हिस्सा नाही म्हणतात. स्टॅम्पवर लिहून घेऊ?

वंदनाताई : नोटरीच्या कागदानं हक्क सुटत नाही. आधी त्यांची नावं चढू दे, मग दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवा. पुन्हा एक फेरफार, पण पक्का.

सुनील : बँकेतल्या पैशाचं? नॉमिनी नाही.

प्रकाश काकाजी : रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांत 15 लाखांपर्यंत कोर्टाचं प्रमाणपत्र मागायचं नाही असं हाय; सहकारी बँकेत 5 लाख. कागद पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत बँकेनं दावा निकाली काढायचा. त्यावरच्या रकमेला कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकतात, तिथं जाहीर नोटीस अन् तारखा, सहा महिने धर. ते प्रमाणपत्र शेतीला चालत नाही, तलाठ्याला देऊ नको. सोसायटीचं पीककर्जही पाहून घे, बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात तसाच राहते.

वंदनाताई : मृत्यू दाखला निघाला का? मोठेबाबा घरीच गेले ना?

सुनील : घरीच. नाही निघाला. तेरवी उद्या हाय.

वंदनाताई : नोंदीला 21 दिवस असतात. तेरवी झाली की दुसऱ्या दिवशीच ग्रामपंचायतीत जा, नाव आधारासारखंच लिहायला लाव, अन् आठ-दहा प्रती घेऊन ठेव.