लग्नबंदीच्या कायद्याने खरंच डिप्रेशन वाढतं का?

कांदेपोहे: अमेरिकेत २००४ला बऱ्याच राज्यांनी लोकांचं मतदान घेऊन गे लग्नांवर बंदी घातली, पण तिथे आधी तरी कुठे होत होती ही लग्नं, मग नुसत्या कागदाने कुणाची तब्येत कशी काय बिघडेल?

मुक्ता८६: बिघडली की. २००१-०२ला मुलाखती घेतलेल्या ३४ हजारांवर लोकांना २००४-०५ला परत गाठलं, तर बंदीवाल्या राज्यांतल्या गे-लेस्बियन-बायसेक्शुअल लोकांत मूड डिसऑर्डर, म्हणजे डिप्रेशनसारखे आजार, ३६.६ टक्क्यांनी वाढलेले. बाकी राज्यांत नाही वाढले. आणि तिथल्याच स्ट्रेट लोकांत एवढी वाढ नाही, हे महत्त्वाचं.

टपरीवाला: अहो प्रचार विसरलात का, टीव्हीवर उठसूट तुमच्याच घरादाराबद्दल वाट्टेल ते बोलणार आणि शेवटी शेजारीच विरोधात मत टाकून येणार, झोप लागेल होय?

कांदेपोहे: बरं, उलटं मोजलंय का कुणी?

मुक्ता८६: २०१७चा पेपर आहे ना, लग्नाला मान्यता मिळालेल्या राज्यांत हायस्कूलच्या मुलांचे आत्महत्येचे प्रयत्न ७ टक्क्यांनी कमी, तेही सगळी मुलं धरून हां.